टाळूची प्लेट : साडेचार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय मी रोज वापरत असलेल्या एका वस्तूविषयी आणि ती करून देणाऱ्या विभागाविषयी आहे. वस्तू म्हणजे टाळूची प्लेट. डॉक्टर तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत माझ्या वरच्या जबड्याचा उजवा भाग टाळूसकट काढावा लागला, त्यामुळे तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत त्या बाजूला उरलेली नाही. ती उणीव ही प्लेट भरून काढते. माझी सध्याची प्लेट बेळगावातील एका दंत महाविद्यालयाच्या कृत्रिम दात बसवण्याच्या विभागात, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, २०२१ च्या मार्च महिन्यात तयार झाली. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर तीन वर्षांनी बदलतात आणि माझे काम करणारे डॉक्टर केव्हाच बाहेर पडले आहेत. नावापेक्षा कामाची पद्धत सांगितली, तर खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कोणालाही आपल्या जवळच्या दवाखान्यात ती पडताळून पाहता येईल.

प्लेटकडे वळण्यापूर्वी आजाराविषयी सांगणे भाग आहे, कारण प्लेट चांगली की वाईट हे त्या आजाराच्या स्वभावावरून ठरते. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा लाळग्रंथींचा दुर्मीळ कर्करोग आहे. लाळग्रंथी म्हटले की कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या तीन जोड्या आपल्याला शाळेत शिकवलेल्या असतात. मीही त्या मुलांना शिकवत आले. पण टाळू, ओठ आणि गाल यांच्या आतल्या अस्तरात अशा शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात, आणि माझी गाठ टाळूवरच्या अशाच एका ग्रंथीत सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षे जिभेला तिथे एक गुळगुळीत उंचवटा लागत होता. तो दुखत नव्हता आणि महिन्या-दोन महिन्यांत वाढल्याचेही जाणवत नव्हते. दाढेच्या मुळाशी पू झाला असेल असे समजून एका दवाखान्यात दाढ काढली गेली, उंचवटा मात्र तसाच राहिला. पुढे वरच्या ओठाची उजवी बाजू बधिर वाटू लागली, चहाचा कप ओठाला लागल्याचे कळेनासे झाले, तेव्हा कुठे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला गेला.

ती बधिरता या आजाराची खूण होती. हा कर्करोग मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकतो, त्यामुळे गाठ दिसते तेवढीच असेल याची शाश्वती नसते आणि शस्त्रक्रियेत भोवतालचा बराच भाग काढावा लागतो. मुंबईतील डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र पडद्यावर दाखवले होते. जोंधळ्याचे पीठ चाळायच्या चाळणीसारखी गोल गोल छिद्रे त्यात दिसत होती. ते चित्र मी अजून विसरलेले नाही.

‘हळू वाढणारा’ हा शब्द ऐकला की नातेवाइकांना धीर येतो. पहिल्या दिवसांत मलाही आला. पण या आजाराचा हळूपणा दोन्ही बाजूंनी चालतो. पाच वर्षे निर्धोक गेली म्हणजे सुटलो, असे इथे म्हणता येत नाही. तो दहा किंवा पंधरा वर्षांनीही परत येतो आणि दूर गेला तर बहुधा आधी फुप्फुसांत जातो. या गाठींमध्ये मायब आणि एनएफआयबी ही दोन जनुके एकमेकांना जोडली गेलेली आढळतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. पण त्या जोडावर नेमका घाव घालणारे औषध अजून रोजच्या उपचारात आलेले नाही आणि नेहमीच्या केमोथेरपीला हा आजार फारसा दाद देत नाही. म्हणून शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार हाच मुख्य मार्ग राहतो. माझी शस्त्रक्रिया २०१९ च्या जून महिन्यात झाली आणि पुढे किरणोपचाराच्या ३३ बैठका झाल्या. याचा प्लेटच्या दृष्टीने अर्थ असा की, माझ्यासारख्या रुग्णाला ती कदाचित वीस वर्षे वापरावी लागेल, आणि तेवढ्या वर्षांत तोंडाचा आकार, उरलेले दात, खपल्या, जबड्याची उघडझाप हे सगळे बदलत राहील. प्लेट पहिल्या दिवशी कशी बसली, यावरून तिची किंमत करू नये; ती करून देणारा चौथ्या वर्षी दार उघडतो का आणि आपला साचा त्याने जपून ठेवला आहे का, ते पाहावे. माझा पुढचा सगळा अभिप्राय या कसोटीवर आहे.

प्लेट काढली की काय होते, हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून लिहिते. पाण्याचा घोट घेतला तर त्यातले निम्मे पाणी नाकातून येते. फुंकर मारता येत नाही, गुळणा धरता येत नाही. बोलताना तोंडात हवा कोंडून जे वर्ण सुटतात, त्यांची हवा वरच्या वर नाकात निसटते, म्हणून ‘प’ आणि ‘ब’ यांचा ‘म’ होतो, ‘त’ आणि ‘द’ यांचा ‘न’ होतो. ‘क’ आणि ‘ग’ त्या मानाने बरे निघतात, कारण त्यांचा अटकाव भोकाच्या मागे होतो. शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदा माझ्या वडिलांना फोनवर ‘बाबा’ अशी हाक मारली, ती त्यांना ‘मामा’ अशी ऐकू आली. थोरल्या भावाला ‘दादा’ म्हटले, ते ‘नाना’ झाले. दोन्ही शब्द मराठीत नात्याचेच असल्यामुळे त्या दोघांना वाटले की मी गुंगीत आहे आणि माणसे ओळखत नाही. वडील फोनवर रडले. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. बाराखडी हे माझे रोजचे काम. तेव्हा माझ्यासाठी प्लेट ही जेवणाआधी बोलण्याची गरज होती.

पहिली प्लेट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवली गेली होती. ती आधीच माप घेऊन केलेली असते आणि आतले कापसाचे बोळे धरून ठेवणे हे तिचे मुख्य काम असते. त्यानंतर किरणोपचाराच्या काळापुरती दुसरी, तात्पुरती प्लेट मिळाली. जखम पूर्ण भरल्यावर कायमची प्लेट करायची असते. ती मुंबईतच २०२० च्या मार्चअखेरीस व्हायची होती, पण त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली. गाड्या बंद, सीमा बंद. कागलच्या पुढे जाणे अवघड होऊन बसले. तात्पुरती प्लेट आतून सैल होऊन डुगडुगू लागली होती. शेवटी पावसाळ्यात एका खासगी दवाखान्यातून आम्ही २६,००० रुपये देऊन नवी प्लेट करून घेतली.

त्या प्लेटविषयी तक्रार लिहिताना मला आनंद होत नाही, पण दुसऱ्या कोणाची फसगत टळावी म्हणून लिहिते. भोकात शिरणारा तिचा गोळा भरीव होता. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ती ५८ ग्रॅम भरली. एवढे वजन डाव्या बाजूच्या चार-पाच दातांवर दिवसभर टांगलेले राहायचे. दुपारपर्यंत ते दात ठणकू लागायचे आणि मान खाली घातली की प्लेट पुढे सरकून उजव्या कडेने पाणी नाकात शिरायचे. दोन वेळा दाखवायला नेली तेव्हा दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की सवय होईल. दातांना अशी सवय होत नाही, ते हलू लागतात. किरणोपचार झालेल्या जबड्यातला दात काढणे धोक्याचे असते, कारण तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि जखम भरून न येता हाड उघडे पडू शकते. म्हणून प्लेट ज्या दातांवर उभी आहे ते दात वाचवणे, ही प्लेट करणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. २६,००० रुपयांत मला ती कुणी सांगितली नाही.

दंत महाविद्यालयात मी २०२१ च्या जानेवारीत गेले. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमनी माप घेण्याचे नावसुद्धा काढले नाही. त्यांनी आधी पट्टीने माझे तोंड किती उघडते ते मोजले. ते २२ मिलिमीटर उघडत होते. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी जातात, माझ्या तोंडात जेमतेम दीड जात होते. किरणोपचारानंतर चावण्याचे स्नायू आखडतात, त्याचा तो परिणाम होता. त्यांनी मला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणायला सांगितल्या. दातांमध्ये अकरा काड्यांची थप्पी धरायची, दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी काही मिनिटे, आणि झेपेल तशी बारावी काडी मधोमध सरकवायची. खडेबाजारातून शंभर काड्यांचे पाकीट आणले. सहा आठवड्यांत चौदा काड्या बसू लागल्या. मॅडम म्हणाल्या, “आता माप घेऊ या बाई. घाई केली असती तर प्लेट तोंडात घालता आली असती, काढता आली नसती.” मापापूर्वीचे ते सहा आठवडे हाच माझ्या मते त्या विभागाचा सर्वांत मोठा गुण. पैसे न घेता थांबायला सांगणारा दवाखाना माझ्या वाट्याला फारसा आलेला नव्हता.

माप घेण्याचा दिवस अवघड असतो, हे नव्या रुग्णांनी ओळखून असावे. गुलाबी रंगाची पूड पाण्यात कालवून, धिरड्याच्या पिठाएवढी घट्ट करून, साच्यातून टाळूला दाबतात आणि ती दोन-तीन मिनिटांत गोठते. भोकाच्या आत खोलवर ती गेली तर निघणार नाही, म्हणून आधी व्हॅसलीन लावलेली गॉज आत भरतात आणि तिला दोरा बांधून तो तोंडाबाहेर ठेवतात. माझे तोंड पुरते उघडत नसल्यामुळे साचा दोन तुकड्यांत घातला आणि बाहेर काढून जोडला. त्या सगळ्या वेळात नाकाने श्वास घेणे जमत नाही, घसा कोरडा पडतो आणि जीव घाबरा होतो. तिथल्या एका सिस्टरनी माझा हात धरून ठेवला होता आणि त्या मोठ्याने आकडे मोजत होत्या, मधूनच मराठीत, मधूनच कन्नडमध्ये.

आता या प्लेटच्या ज्या गोष्टीसाठी मी हा अभिप्राय लिहायला घेतला, त्या मेणाच्या चाचणीविषयी. पक्के ॲक्रिलिक करण्यापूर्वी धातूच्या सांगाड्यावर मेणाची प्लेट उभी करून ती तोंडात बसवून पाहतात. बहुतेक ठिकाणी दात सरळ आहेत का आणि चेहरा बरा दिसतो का, एवढे पाहून ही चाचणी संपते. इथे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ स्वतः खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, “बाई, ‘बेळगाव’ म्हणा बघू एकदा.” मी म्हटले, ते ‘बेयगाव’ असे आले. त्यांनी प्लेट काढली, पुढच्या दातांच्या मागचे मेण गरम सुरीने थोडे खरवडले आणि पुन्हा म्हणायला लावले. असे सात-आठ वेळा झाले. ‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकते, ‘ट’ आणि ‘ण’ यांनाही तसेच टेकावे लागते. तिथे प्लेट जाड असली तर जीभ वळायला जागाच राहत नाही. त्या तंत्रज्ञांची मातृभाषा कन्नड. कन्नडमध्येही ‘ळ’ पक्का आहे. त्यांच्याकडे पावसाला ‘मळे’ म्हणतात, खेड्याला ‘हळ्ळी’ म्हणतात. म्हणून माझ्या तोंडातला ‘ळ’ बिघडलेला त्यांच्या कानाला लगेच खुपला. आमच्या या भागात भाषेवरून पुष्कळ वाद झाले आहेत आणि मी ते लहानपणापासून पाहत आले आहे. पण माझा ‘ळ’ मला एका कन्नड माणसाने अर्धा-अर्धा मिलिमीटर मेण खरवडून परत मिळवून दिला, हे मी जिथे जाईन तिथे सांगते. शेवटच्या खेपेला ‘बेळगाव’ नीट उमटले तेव्हा ते म्हणाले, “आलं बघा. खरं, आता ‘बाळ’ म्हणा.” आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. मी ‘बाळ’ म्हटले, ‘कमळ’ म्हटले, ‘पाटी-पेन्सिल’ म्हटले, आणि नंतर बोलता आले नाही, कारण घसा दाटून आला होता.

तयार प्लेटचा गोळा आतून पोकळ आहे. वजन ३१ ग्रॅम. सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमचा असून त्याच्या चार कड्या डाव्या दातांना धरतात. उजवीकडे सहा कृत्रिम दात आहेत, ते दिसण्यापुरते, चावण्यासाठी नव्हेत. गळतीची चाचणी मला विभागातच करायला लावली : आधी सरळ बसून अर्धा पेला पाणी, मग मान खाली घालून तेवढेच. सरळ बसून एक थेंबही नाकात आला नाही. मान खाली घातली तर थोडे येते, आणि ते पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवले होते. एकूण खर्च १४,००० रुपये आला, त्यात पहिल्या वर्षीच्या सगळ्या दुरुस्त्या धरलेल्या होत्या.

खाण्याच्या बाबतीत अपेक्षा बेताने ठेवाव्यात. प्लेट भोक बुजवते, पण किरणांनी गेलेली लाळ परत आणत नाही. निरोगी माणसाला दिवसाला लिटरभर लाळ सुटते. ती किती कामे करत होती हे मला आता घासाघासाला कळते. ज्वारीची भाकरी मी आता दुधात किंवा आमटीत कुस्करून खाते. सुका मांडा तोंडात चिकटून प्लेटच्या कडेत शिरतो, म्हणून तो गरम दुधात भिजवावा लागतो. कुंदा मात्र छान जातो. खव्याचा रवाळपणा आणि ओलावा दोन्ही मानवतात. शेंगदाण्याच्या चटणीचे कण प्लेटखाली जाऊन टोचतात, ती मी सोडली. कृत्रिम लाळेचा फवारा औषधाच्या दुकानात मिळतो, पण त्याचा उपयोग मला अर्ध्या तासापुरता होतो; वर्गात बोलताना पाण्याची बाटली आणि रात्री झोपताना ओठांना तूप, एवढ्यावर माझे भागते. लाळ नसली की दात झपाट्याने किडतात, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली जास्त फ्लोराइडची पेस्ट मी एकही दिवस चुकवत नाही.

देखभाल रोजची आहे. रात्री प्लेट काढायची, मऊ ब्रशने साध्या साबणाने धुवायची आणि गार पाण्यात बुडवून ठेवायची. गरम पाणी अजिबात चालत नाही, ॲक्रिलिक वाकडे होते. भोकाच्या आत खपल्या धरतात, त्या मीठ आणि सोडा घातलेल्या कोमट पाण्याने सैल करायच्या. ओढून काढायच्या नाहीत. आरशासमोर टॉर्च धरून आत पाहायची मला पहिले वर्षभर भीती वाटत असे. आता मी रोज पाहते.

या पाहण्यावरून प्लेटचा एक गुण सांगायला हवा, तो निवड करण्याआधीच माहीत असलेला बरा. जबड्याचे भोक पायाच्या हाडाने आणि मांसाने कायमचे भरून काढण्याची शस्त्रक्रियाही होते, आणि पुष्कळ रुग्णांसाठी ती अधिक सोयीची ठरते. मला त्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही मार्ग समजावून सांगितले होते. प्लेटच्या बाजूने त्यांनी दिलेले कारण मला पटले : ती काढता येते. दर तपासणीला मी प्लेट काढून ठेवते आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दिवा लावून थेट आत, गाठ जिथे होती त्या कडांपर्यंत पाहतात. मज्जातंतूंतून सरकणारे सगळे अशा पाहण्यात दिसत नाही, त्यासाठी एमआरआय करावाच लागतो. पण २०२३ मध्ये आतल्या कडेवर एक लालसर खरबरीत जागा पहिल्यांदा दिसली ती दंत महाविद्यालयातल्या शिकाऊ डॉक्टरांना, प्लेटचे आतले अस्तर बदलताना. त्यांनी काम थांबवले, फोटो काढला आणि पत्र देऊन मला त्याच दिवशी पुढे पाठवले. तपासणीत ते प्लेटच्या घासण्याने झालेले निघाले. तरीही त्या चार दिवसांत आमच्या घरात कुणी धड जेवले नाही, आणि प्लेट करणाऱ्याला त्या जागेकडे कसे पाहायचे हे माहीत असणे किती मोलाचे आहे, ते मला तेव्हा उमगले.

या विभागातल्या उणिवाही लिहायला हव्यात. सकाळी नऊला नाव नोंदवले तरी नंबर येईपर्यंत एक वाजतो. माझ्यासारख्या बाहेरगावच्या रुग्णाचा अख्खा दिवस जातो. कागदपत्रे इंग्रजीत आणि कन्नडमध्ये असतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कुणीतरी मराठीत वाचून दाखवावे अशी सोय नाही, विचारले तर सांगतात, न विचारणाऱ्यांची पंचाईत होते. जुने डॉक्टर बाहेर पडले की नव्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोगशाळा दुरुस्तीची कामे घेत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यापूर्वी माझी एक कडी तुटली, तेव्हा तीन दिवस मी प्लेटशिवाय होते. शाळेत रजा घेता येण्यासारखी नव्हती. मी फळ्यावर लिहीत गेले आणि तिसरीतली एक मुलगी ते वर्गाला मोठ्याने वाचून दाखवत गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे न बघताच, मी खडू उचलताक्षणी उभे राहायला सुरुवात केली होती. मुले हसली नाहीत. पण कर्करोगाच्या रुग्णाला एक जादा प्लेट करून ठेवायचा सल्ला विभागाने पहिल्याच वर्षी द्यायला हवा होता, हे माझे मत मी तिथे लेखी कळवले आहे.

त्याच वेळी हेही नोंदवते की चौथ्या दिवशी गेले, तेव्हा त्यांनी कपाटातून माझा २०२१ चा प्लास्टरचा साचा काढला. त्यावर पेन्सिलीने नोंदणी क्रमांक होता. साचा असल्यामुळे नवे माप न घेता कडी दुपारपर्यंत जोडून मिळाली, ६०० रुपयांत. खासगी दवाखान्याला मी मागे साचा मागितला होता, तेव्हा तो टाकून दिल्याचे कळले होते.

या वर्षीच्या फेब्रुवारीत छातीच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसात दोन ठिपके दिसले, एक ४ मिलिमीटरचा आणि एक ६ मिलिमीटरचा. ऑगस्टच्या स्कॅनमध्ये ते तेवढेच होते. डॉक्टरांचे म्हणणे असे की, हा आजार फुप्फुसात गेला तरी पुष्कळदा वर्षानुवर्षे फार हळू चालतो, त्रास नसताना लगेच औषध सुरू करून फायदा होईलच असे नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवायचे. मला हे पचवायला वेळ लागला आणि अजून पूर्ण पचलेले नाही. त्याच सुमारास प्लेटचे अस्तर तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली होती आणि विभागाने सुचवले की आता भोकाचा आकार बराच बदलला आहे, नवीच प्लेट करणे बरे. घरात कोणीतरी सहज म्हणून गेले की ठिपके काय आहेत ते कळू दे, नव्या प्लेटचा खर्च मग बघता येईल. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण ठिपके काय आहेत ते कळायला कदाचित पाच वर्षे लागतील, आणि त्या पाच वर्षांत मला रोज शंभर वेळा ‘प’ आणि ‘ब’ म्हणायचे आहेत. मी दोन प्लेटचे पैसे भरले, एक वापरायची आणि एक कपाटात ठेवायची.

नवे डॉक्टर बिदरकडचे आहेत, वयाने माझ्या मुलाएवढे. गेल्या आठवड्यात माप देऊन झाल्यावर त्यांनी माझी जुनी फाइल चाळली आणि एका पानावर थांबून मला विचारले, “बाई, इथे मेणाच्या चाचणीसाठी ‘बेळगाव’ असं लिहिलंय. म्हणजे तुम्हाला बेळगावला यायला सांगितलं होतं का?” मी त्यांना तो शब्द म्हणून दाखवला आणि त्यासाठी मेण कुठे खरवडायचे ते माझ्या जुन्या प्लेटवर बोट ठेवून सांगितले. त्यांनी तिथे खडूने बारीक खूण करून घेतली. मेणाची चाचणी येत्या गुरुवारी आहे.